डॉ. आनंदीबाई जोशी : कल्याणच्या यमुनेची गोष्ट

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना आनंदीबाई शिकवताना पहिली महिला डॉक्टर एवढ्यावर थांबू नका. त्या डॉक्टर का झाल्या, हे आधी सांगा.

जन्म ३१ मार्च १८६५. माहेर कल्याणचं, नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठे, पण बायकोने शिकलंच पाहिजे या हट्टाचे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, हे शल्य आनंदीबाईंच्या मनातून गेलं नाही.

१८८३ मध्ये त्या नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र.

इथे विज्ञानाचा तास जोडून घ्या. बाळंतिणीच्या रक्तस्रावाची कारणं अनेक. त्यातलं एक फार विरळ, अर्जित हिमोफिलिया. जन्मजात हिमोफिलिया बहुधा मुलग्यांना होतो. हा मात्र बाळंतपणानंतर काही महिन्यांत स्त्रीला, किंवा उतारवयात कोणालाही होऊ शकतो. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाविरुद्ध आपलंच शरीर प्रतिपिंडं तयार करतं. म्हणून नुसता तो घटक देऊन बहुधा भागत नाही. त्याला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं देतात, आणि प्रतिपिंडं थोपवायला स्टेरॉइडसारखी औषधं. आनंदीबाईंच्या काळी यातलं काहीच नव्हतं. रक्तगटसुद्धा १९०१ मध्ये कळले!

मायदेशी परतल्यावर कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत जपल्या.

आता पालकांसाठी. घरातल्या बाळंतिणीच्या अंगावर मार न लागता मोठे काळे-निळे डाग उठले, किंवा रक्त थांबेना, तर बाळंतपणात असं होतंच म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, रक्त गोठण्याची तपासणी करायला सांगा. वेळेवर डॉक्टर मिळावा, यासाठीच तर कल्याणची ती मुलगी सातासमुद्रापार गेली होती.