विश्लेषण : शहरांवर आकाशातून बॉम्ब टाकण्याची सुरुवात कशी झाली? काय आहे काउंट झेपेलिन यांची कहाणी?

बेलोरा विमानतळावरून मुंबईला जाणारे एटीआर विमान आता अमरावतीकरांच्या ओळखीचे झाले आहे. राजापेठ चौकात उभे राहून वर पाहा आणि अशी सात विमाने एकामागे एक लावली आहेत, अशी कल्पना करा. साधारण तेवढ्या लांबीचा, जवळपास २०० मीटरचा, सिगारच्या आकाराचा फुगा रात्री शहरावर येतो आणि खाली बॉम्ब टाकू लागतो. १९१६ मध्ये इंग्लंडमधील शहरांनी हेच अनुभवले. या फुग्यांना ज्यांचे नाव मिळाले, ते काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्यांचे यंत्र पुढे इतिहासजमा झाले. मात्र त्याने युद्धाला लावलेली सवय अजून सुटलेली नाही.

कोण होते काउंट झेपेलिन?

फर्डिनांड फॉन झेपेलिन यांचा जन्म ८ जुलै १८३८ रोजी दक्षिण जर्मनीतील कॉन्स्टन्स येथे सरदार घराण्यात झाला. काउंट हा त्यांचा वंशपरंपरागत किताब. वयाच्या विशीत ते व्युर्टेम्बर्ग राज्याच्या सैन्यात अधिकारी झाले. शिपाईगिरी हाच त्यांचा पेशा होता. विमानशास्त्राचे किंवा यंत्रांचे औपचारिक वेड त्यांना तेव्हा नव्हते.

आकाशाची ओढ कधी लागली?

१८६३ मध्ये झेपेलिन अमेरिकेत गेले. तेथे यादवी युद्ध सुरू होते आणि ते पाहण्यासाठी त्यांनी सैन्यातून रजा घेतली होती. वऱ्हाडी वाचकांना हे युद्ध वेगळ्या कारणाने माहीत आहे. या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस विलायतेत पोहोचेनासा झाला, लँकशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठांची भरभराट याच काळातली.

त्याच युद्धाच्या निमित्ताने गेलेल्या झेपेलिन यांनी १९ ऑगस्ट १८६३ रोजी मिनेसोटातील सेंट पॉल येथे फुग्यातून आकाशात पहिली फेरी मारली. फुगेवाले जॉन स्टाइनर यांनी त्यांना लांबट आकाराच्या, सुकाणू लावलेल्या फुग्याची आपली कल्पनाही सांगितली. वाऱ्यावर भरकटणारा गोल फुगा युद्धात फारसा उपयोगाचा नाही, हवा तिकडे नेता आला तरच त्याचा फायदा, हे या तरुण अधिकाऱ्याच्या मनात पक्के बसले.

मग एअरशिप बांधायला इतका उशीर का झाला?

१८७०-७१ च्या युद्धात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा फ्रेंचांनी फुग्यांतून टपाल आणि माणसे वेढ्याबाहेर काढली. हे झेपेलिन यांच्यासमोरच घडत होते. १८७४ मध्ये त्यांनी मोठ्या एअरशिपची कल्पना डायरीत मांडली. पण सैन्यातील नोकरी सुरू होती. १८९० मध्ये लष्करी सरावातील कामगिरीवर वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले आणि ५२ व्या वर्षी त्यांना निवृत्त व्हावे लागले. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. त्यानंतर त्यांनी स्वतःला एअरशिपच्या कामात झोकून दिले.

सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने त्यांचा आराखडा नाकारला. त्यांनी १८९५ मध्ये पेटंट घेतले आणि १८९८ मध्ये आठ लाख मार्क भांडवलाची कंपनी काढली. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा त्यांचा स्वतःचा होता.

एअरशिप म्हणजे नेमके काय?

साधा फुगा वायू भरला की फुगतो आणि वायू गेला की लोळागोळा होतो. झेपेलिन यांच्या रचनेत आधी ॲल्युमिनियमचा भलामोठा सांगाडा उभा केला जाई. त्याच्या आत हायड्रोजनच्या अनेक वेगवेगळ्या पिशव्या आणि बाहेरून सुती कापडाचे आवरण. खाली इंजिने, पंखे आणि माणसांसाठी जागा. एक पिशवी फाटली तरी बाकीच्या जहाजाला तरंगते ठेवत. पुढील काळात या पिशव्यांना आतून गाईच्या आतड्याचे पातळ पापुद्रे लावले जात, कारण त्यातून वायू झिरपत नसे. एका मोठ्या एअरशिपसाठी सुमारे अडीच लाख गाईंची आतडी लागत.

यात एक मोठा दोष होता. हायड्रोजन हवेपेक्षा खूप हलका, पण तो क्षणात पेट घेतो.

पहिले १२८ मीटर लांबीचे जहाज २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावरून उडाले. उड्डाण अवघे १८ मिनिटांचे झाले. पैसे संपले आणि कंपनी गुंडाळावी लागली. दुसरे जहाज १९०६ मध्ये वादळात मोडले. लोक त्यांना वेडा काउंट म्हणून हसू लागले होते.

लोकांनी वर्गणी का काढली?

चौथ्या जहाजापुढे सैन्याने सलग २४ तास उडून दाखवण्याची अट ठेवली. ५ ऑगस्ट १९०८ रोजी इंजिनात बिघाड झाल्याने ते स्टुटगार्टजवळ एख्टरडिंगन येथे उतरवावे लागले. तेवढ्यात वादळ आले, दोर तुटले आणि जहाज जळून खाक झाले. ७० वर्षांच्या काउंटची आयुष्यभराची कमाई हजारो लोकांसमोर राख झाली.

त्यानंतर जे घडले ते त्यांनाही अनपेक्षित होते. जर्मनीभरातून पैसे येऊ लागले. शाळकरी मुलांनीही खाऊचे पैसे दिले. पाहता पाहता ६० लाखांहून अधिक मार्क जमा झाले आणि नवी कंपनी उभी राहिली. (त्याच ऑगस्टमध्ये अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्धच्या लढ्यासाठी विलायतेला निघाले होते.) १९०९ मध्ये प्रवासी सेवा देणारी कंपनी निघाली. पुढच्या काही वर्षांत हजारो लोक एअरशिपमधून फिरले आणि एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. झेपेलिन आता राष्ट्राचे लाडके आजोबा झाले होते.

बॉम्बहल्ले कधी सुरू झाले?

विमानातून पहिला बॉम्ब टाकला तो इटलीच्या वैमानिकाने, १ नोव्हेंबर १९११ रोजी लिबियात. फुग्यांतून स्फोटके टाकण्यावर १८९९ च्या हेग परिषदेत पाच वर्षांची बंदी घातली गेली होती. १९०७ मध्ये ती पुढे चालू ठेवण्यास जर्मनी आणि फ्रान्स तयार झाले नाहीत.

पहिले महायुद्ध सुरू होताच, ६ ऑगस्ट १९१४ रोजी, जर्मन एअरशिपने बेल्जियममधील लिएज शहरावर बॉम्ब टाकले. त्यात नऊ नागरिक मरण पावले. १९ जानेवारी १९१५ च्या रात्री इंग्लंडच्या किनाऱ्यावरील ग्रेट यार्मथ आणि किंग्ज लिन येथे पहिले हल्ले झाले, त्यात चार जण गेले. ३१ मे १९१५ रोजी लंडनची पाळी आली.

लक्ष्य लष्करी ठिकाणे असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात रात्रीचा अंधार, ढग आणि वारा यामुळे आपण कोणत्या गावावर आहोत हेही अनेकदा चालकांना कळत नसे. बॉम्ब पडत ते झोपलेल्या वस्त्यांवर. सप्टेंबर १९१६ मध्ये लँकशायरमधील बोल्टन या सूतगिरण्यांच्या गावात एका गल्लीतील १३ जण ठार झाले. ज्या कापूस टंचाईने वऱ्हाडला भाव दिला, तिची झळ याच पट्ट्यातील गिरणी कामगारांनी सोसली होती. आता त्यांच्या पुढच्या पिढीच्या छपरांवर बॉम्ब पडत होते.

ब्रिटनने हे हल्ले कसे रोखले?

सुरुवातीला विमाने एवढ्या उंचीवर वेळेत पोहोचत नसत. साध्या गोळीने पिशवीला भोक पडे, पण एअरशिप पडत नसे. १९१६ मध्ये फुटणाऱ्या आणि पेटवणाऱ्या गोळ्या एकत्र वापरणे सुरू झाले. आधीच्या गोळ्यांनी वायू हवेत मिसळे, पेटत्या गोळ्या त्याला आग लावत. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये एकामागून एक एअरशिप पेटून कोसळल्या. त्यातील माणसांना वाचण्याची संधीच नसे.

युद्धभरात सुमारे ५० हल्ल्यांत ब्रिटनमध्ये ५५७ जण मृत्युमुखी पडले, १,३५८ जखमी झाले. आघाडीवरील संहारापुढे हा आकडा लहान होता. ब्रिटन शरण आले नाही. पण हजारो सैनिक, तोफा आणि विमाने देशातच अडकून पडली, कारखान्यांचे दिवे रात्री विझू लागले.

काउंटचे स्वतःचे मत काय होते?

झेपेलिन यांचा शहरांवरील हल्ल्यांना पाठिंबा होता. वर्गणी काढून ज्याला उभे केले, त्या माणसाकडून जर्मन जनतेलाही तेच हवे होते. मात्र एअरशिपचे दिवस भरत आल्याचे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले. युद्धाच्या सुरुवातीपासूनच त्यांनी अनेक इंजिनांच्या महाकाय बॉम्बफेकी विमानांवर काम सुरू करवले. ८ मार्च १९१७ रोजी बर्लिनमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जर्मन विमानांनी लंडनवर हल्ले सुरू केले. नौदलाच्या एअरशिप दलाचे प्रमुख पीटर श्ट्रासर हे ५ ऑगस्ट १९१८ रोजी अखेरच्या हल्ल्यात मारले गेले. एख्टरडिंगनच्या आगीला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती.

भारताशी याचा संबंध काय?

मेसोपोटेमियात कुत येथे १९१५-१६ मध्ये वेढ्यात सापडलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्यांनी शत्रूच्या विमानांचे बॉम्ब झेलले. उपासमारीच्या दिवसांत विमानांतून टाकलेली धान्याची पोतीही त्यांनी पाहिली.

लंडनवरील हल्ल्यांनंतर ब्रिटनने स्वतंत्र हवाई दलाचा निर्णय घेतला. त्यामागे जनरल स्मट्स यांचा अहवाल होता. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी ज्यांच्याशी लढा दिला, तेच हे स्मट्स. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स स्थापन झाले. जेमतेम वर्षभराने, जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी याच दलाच्या विमानांनी पंजाबात गुजरांवाला येथे बॉम्ब टाकले आणि मशीनगन चालवल्या. एक बॉम्ब शाळेच्या वसतिगृहावर पडला. मे महिन्यात काबूलवर बॉम्ब पडले. लंडनकरांनी जे सोसले आणि ज्याला रानटीपणा म्हटले, तेच ब्रिटनने आपल्या ताब्यातील प्रजेवर वापरले.

आज या कहाणीचे काय उरले?

१९३७ मध्ये हिंडेनबर्ग ही प्रवासी एअरशिप अमेरिकेत पेटली, ३६ जण गेले आणि हे युग संपले. त्याआधीच आघाडीपासून दूर राहणारी माणसेही युद्धाच्या कक्षेत आली होती. जर्मनीतील मुलांनी खाऊचे पैसे दिले, ते आकाशात उडणारे जहाज पुन्हा पाहायला मिळावे म्हणून. सात वर्षांनी त्याच कारखान्याच्या जहाजांतून दुसऱ्या देशातील मुलांच्या घरांवर बॉम्ब पडले. आज तेच काम ड्रोन आणि क्षेपणास्त्रे करतात. रात्री आकाशातून आवाज आला की दिवे विझवून मुलांना कुशीत घेणे, हे १९१५ पासून अनेक देशांच्या वाट्याला आले आहे.