राजा परांजपे आणि ‘पाठलाग’
राजाभाऊ परांजपे यांचा जन्म १९१० साली मिरजेत झाला. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ अशा चित्रपटांनी त्यांनी मराठी घराघराला हसवले. १९६४ साली मात्र त्यांनी ‘पाठलाग’ हा रहस्यपट केला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. त्यातला वकील पुरावे पारखण्यात तरबेज. पण समोरची स्त्री आपली दिवंगत पत्नी की तोतया, हे ठरवताना त्याचे दुःखच आड येते. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी ही घालमेल रंगवली. त्यावरूनच १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. १९७९ साली राजाभाऊ गेले. सचिनमधल्या आपल्या मुलांना हिंदी चित्रपट ठाऊक असेल, तर मूळ मराठीही आवर्जून दाखवा.