मुळांवर उपाय शोधला, खोडाचा प्रश्न उरला : पिएर व्हियाला

फिलॉक्सेरा या सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या द्राक्षशेतीवर घाला घातला, त्याच काळात पिएर व्हियाला लहानाचे मोठे झाले. दक्षिण फ्रान्समधील मॉन्पेलिए शहराजवळच्या लाव्हेरून या गावी २४ सप्टेंबर १८५९ रोजी त्यांचा जन्म झाला. १८६८ च्या उन्हाळ्यात प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुकत चाललेल्या वेलींच्या मुळांवर ही कीड सापडली, तेव्हा व्हियालांना नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढील दोन दशकांत हजारो शेतकरी कुटुंबे देशोधडीला लागली.

मॉन्पेलिएच्या कृषी विद्यालयात गुस्ताव्ह फोए यांच्या हाताखाली व्हियाला घडले. मुळांवरील या किडीला तोंड देणारे जंगली अमेरिकी द्राक्षाचे खुंट घ्यायचे आणि त्यांवर फ्रेंच जातींची कलमे बांधायची, हा उपाय तोवर रुजू लागला होता. मात्र चुनखडीच्या जमिनीत हे खुंट पिवळे पडून मरत. ब्रँडीसाठी जगप्रसिद्ध असलेल्या कोन्याकची जमीन नेमकी तशीच. म्हणून १८८७ मध्ये फ्रेंच सरकारने अवघ्या सत्तावीस वर्षांच्या व्हियालांना अमेरिकेला धाडले.

तेथे टेक्सासमधील डेनिसन गावच्या टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञाची त्यांना साथ लाभली. मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी ‘व्हिटिस बर्लान्डिएरी’ ही वेल फ्रान्सच्या उपयोगी पडेल, असा निष्कर्ष घेऊन व्हियाला परतले. अडचण एकच होती. या वेलीच्या कांड्यांना मुळे फुटत नाहीत म्हटले तरी चालेल. तिचे इतर जातींशी संकर झाल्यावरच तो प्रश्न सुटला. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना परिचित असलेला ‘११० रिक्टर’ हा खुंट अशाच संकरातून आला आहे, तर त्यांच्याच बागांत रुळलेला ‘डॉगरिज’ ही मन्सन यांची निवड. आपल्याकडे त्यांचा वापर मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमीन यांमुळे होतो.

व्हियाला १८९० मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय कृषी संस्थेत प्राध्यापक झाले. काळी कूज या रोगाच्या बुरशीला त्यांनी आणि लुई राव्हाझ यांनी १८९२ मध्ये दिलेले ‘ग्विग्नार्डिया बिडवेली’ हे नाव दीर्घकाळ प्रचलित राहिले. १८९३ मध्ये त्यांनी द्राक्षशेतीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे १९०१ ते १९१० या काळात निघालेला ‘आंपेलोग्राफी’ हा सात खंडांचा ग्रंथ होय. त्यात सुमारे ५,२०० जातींची माहिती आणि ५०० रंगीत चित्रे आहेत. त्यांचे सहसंपादक व्हिक्टर व्हेर्मोरेल हे फवारणी पंपांचे कारखानदार होते. अभ्यासक आणि उद्योजक यांची जोडी इतकी फलदायी क्वचितच ठरते. १९१९ ते १९२४ या काळात व्हियालांनी एरो जिल्ह्याचे प्रतिनिधित्व फ्रेंच संसदेतही केले.

साठी उलटल्यावर ते वळले खोडाच्या रोगाकडे. ‘एस्का’ या रोगात पानांवर शिरांमधून वाघाच्या अंगासारखे पट्टे उमटतात, कधी ऐन उन्हाळ्यात धडधाकट दिसणारी वेल काही दिवसांत वाळते, आणि खोड कापले तर आतले लाकूड भुसभुशीत होऊन पांढरे पडलेले आढळते. १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात व्हियालांनी ‘स्टेरियम’ कुळातील एका बुरशीला दोषी धरले. निष्कर्ष अपुरा होता. छाटणीच्या जखमांतून शिरणाऱ्या अनेक बुरशा येथे वर्षानुवर्षे मिळून काम करतात, हे पुढे स्पष्ट झाले. मात्र रोगाचे मूळ खोडातल्या लाकडात शोधण्याची त्यांची दिशा बरोबर होती.

११ फेब्रुवारी १९३६ रोजी पॅरिसमध्ये व्हियालांचे निधन झाले, तेव्हा एस्कावर सोमलापासून बनणाऱ्या सोडियम आर्सेनाईटची फवारणी चालू होती. विषारी म्हणून फ्रान्सने २००१ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तितका प्रभावी पर्याय त्यानंतर मिळालेला नाही.

कोन्याकची कथा तर अधिकच विलक्षण आहे. तेथे पूर्वी ‘फोल ब्लांश’ या जातीचे राज्य होते. कलमी वेलीवर तिचे घड राखाडी कुजीला सहज बळी पडू लागले, म्हणून बागायतदारांनी ‘युनी ब्लां’ आपलीशी केली. आज कोन्याकचे बहुतांश क्षेत्र तिच्याखाली आहे आणि एस्काला लवकर बळी पडणाऱ्या जातींत तिची गणना होते. ‘कॅबर्ने सोव्हिन्यों’ आणि ‘सोव्हिन्यों ब्लां’ यांचीही तीच गत. ‘मर्लो’ त्या मानाने तग धरते. पूर्णपणे रोगमुक्त अशी जात मात्र नाही. किडीशी सामना मुळांवर होता, तो खुंट बदलून जिंकता आला. येथे खोड आणि फांद्या त्याच जातीच्या असतात. ती जात बदलायची तर दारूची चव आणि बाजारातले नाव दोन्ही पणाला लागतात.

त्यामुळे व्हियालांनी नोंदवून ठेवलेल्या जातींच्या विविधतेला आता नवे मोल आले आहे. बोर्डो येथे एकाच मळ्यात शेजारी शेजारी लावलेल्या ४६ जातींचे एस्कासाठी काही वर्षे निरीक्षण करण्यात आले. काहींत लक्षणे जवळपास दिसलीच नाहीत, तर काहींत वर्षागणिक अनेक वेली रोगट निघाल्या.