नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाई

नाटकातली बाई नवऱ्याचे घर सोडून निघाली की प्रेक्षक विचारात पडतात. १८७९ साली इब्सेनची नोरा अशीच निघाली आणि युरोपात खळबळ माजली. पण नोरा कागदावरची होती. पाचच वर्षांनी मुंबई हायकोर्टात एका हाडामांसाच्या बाईविरुद्ध दावा दाखल झाला. तिच्या वाट्याला तुरुंगाची धमकी आली. त्या होत्या डॉ. रखमाबाई.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजात झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत त्याला मुभा होती. पुनर्विवाहाआधी आईने पतीची मालमत्ता लेकीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. त्या मात्र माहेरीच राहिल्या, शिकत राहिल्या. जाण येताच त्यांनी साधा प्रश्न उभा केला. ज्या लग्नाला आपली संमतीच नव्हती, ते आपल्याला बांधील कसे?

१८८४ साली दादाजींनी बायकोने नांदायला यावे म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हा चालले. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला. महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी ठेवली, पण नांदायला जायचे नाकारले.

धर्म बुडाला अशी ओरड झाली. टिळकांच्या 'केसरी'ने रखमाबाईंना विरोध केला. आम्ही वकील म्हणून या ओरडीतली गोम दाखवू इच्छितो. बायकोला कोर्टामार्फत नांदायला आणण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो विलायतेतल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता. न्या. पिन्ही यांनी नेमके तेच दाखवले होते. म्हणजे स्वधर्माचे रक्षक म्हणवणारे सनातनी इंग्रजांच्या बेडीचे रक्षण करीत होते! बाईला बांधायचे म्हटले की मनूही चालतो आणि इंग्रजही चालतो.

आमच्या भांडगावाजवळच्या केडगावात पुढे मुक्तिसदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. १८८७ सालीच निघालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी रखमाबाईंची हकीकत जगापुढे मांडली.

अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या. परतून त्यांनी सुरत आणि राजकोटला अनेक वर्षे बायाबापड्यांची सेवा केली. पुन्हा लग्न केले नाही. दरम्यान १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्यामागच्या वादळात त्यांच्या खटल्याचा मोठा वाटा होता.

हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते अडवले गेले. १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. हिंदू विवाह कायदा झाला तो १९५५ च्या मे महिन्यात. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या. त्यांच्या खटल्याच्या वेळी नसलेला हक्क देशातल्या बायकांना मिळाला, तेव्हा त्या नव्वदीत होत्या.

पण त्याच कायद्यात कलम ९ म्हणून नांदायला बोलावण्याचा दावा शिल्लक राहिला. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते वैध ठरवले. आता तुरुंग नाही, पण हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. बायकोने पोटगी मागितली की तिला हीच नोटीस धाडली जाते, हे आम्ही वकिलीत पाहतो.

म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, अशी नोटीस घरात आली तर लेकीला मुकाट गाडीत बसवू नका. आधी तिला विचारा. रखमाबाईंना कोणी विचारले नव्हते.