बॅटरीचा कस आणि एडिसनची पाच वर्षं

दुकानात रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्यायला गेलं, की नजर आधी पाकिटावरच्या मोठ्या आकड्यावर जाते. 2700 लिहिलेला सेल 2000 लिहिलेल्या सेलपेक्षा चांगला, असं आपण गृहीत धरतो. गंगापूर रोडने सोमेश्वर मागे टाकून गिरणारेमार्गे वाघेरा किल्ल्याकडे जाणारा भटका हातातल्या जीपीएस यंत्रासाठी सेल निवडतो, तेव्हाही हेच होतं. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी यंत्र सॅकमधून बाहेर काढावं, तर भरून ठेवलेले सेल बरेचसे उतरलेले असतात. पाकिटावरचा आकडा खोटा नसतो, पण तो पहिल्या दिवसाचा असतो. बॅटरीचा खरा कस नंतरच्या दिवसांत लागतो, हा धडा थॉमस अल्वा एडिसन या माणसाने फार मोठी किंमत मोजून गिरवला. दिव्यासाठी आणि फोनोग्राफसाठी जग त्याला ओळखतं. त्याच्या आयुष्यातली दहा वर्षं बॅटरीने खाल्ली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

आम्लाचे डाग

एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मिलान गावी झाला. शाळेत तो जेमतेम काही महिने गेला. पुढचं शिक्षण आईने घरीच केलं. लहानपणापासूनच त्याला कमी ऐकू येऊ लागलं आणि वयाबरोबर ते वाढत गेलं. 1859 मध्ये, बाराव्या वर्षी, तो रेल्वेगाडीत वर्तमानपत्रं आणि खाऊ विकू लागला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने शिसं आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी तयार केली. आज आपल्या मोटारीत आणि घरच्या इन्व्हर्टरमध्ये असते ती तिचीच वंशज.

सोळाव्या वर्षाच्या आसपास एडिसन तारायंत्रावर काम करू लागला. त्या काळी तारा बॅटरीवर चालत, त्यामुळे घटांची ओळख त्याला तिथेच झाली. लुईव्हिल शहरात रात्रपाळी करताना तो फावल्या वेळात शिशाच्या बॅटरीवर प्रयोग करत असे. एका रात्री गंधकाम्ल जमिनीवर सांडलं, फळ्यांच्या फटींतून झिरपलं आणि खालच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर टपकलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

त्यानंतरची चढण सर्वांना ठाऊक आहे. 1876 मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, 1877 मध्ये फोनोग्राफ, 1879 मध्ये विजेचा दिवा आणि 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र. वीज साठवून ठेवणाऱ्या बॅटरीवर मात्र या काळात त्याचा विश्वास नव्हता. 1880 च्या दशकात शिशाच्या सुधारित बॅटऱ्या बाजारात आल्या आणि त्यांच्या नावावर भांडवल गोळा होऊ लागलं. बॅटरीच्या धंद्यात दावे फार आणि दम कमी, असं त्याचं तेव्हाचं मत होतं.

शिसं नको, आम्ल नको

1899 च्या सुमारास त्याचं मन पालटलं. रस्त्यावर घोडागाड्यांच्या जोडीला मोटारी दिसू लागल्या होत्या. त्यांतल्या काही वाफेवर, काही पेट्रोलवर, तर काही विजेवर चालत. विजेची गाडी शांत होती, तिचा धूर नव्हता, पण शिशाची जड बॅटरी तिला बसल्या जागी खिळवून ठेवी. शिसं वजनदार असतं, आम्ल पत्र्याला आतून खातं आणि बॅटरी उतरलेली तशीच राहिली तर तिच्या पट्ट्या कायमच्या बिघडतात. एडिसनने या दोन्ही गोष्टी सोडायच्या ठरवल्या. आम्लाऐवजी अल्कली, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घ्यायचं आणि त्यात टिकतील असे धातू शोधायचे.

धातूंच्या जोड्या, त्यांची संयुगं, कणांचा आकार, दाब असे बदल करत हजारो प्रयोग झाले. अखेर एका बाजूला निकेलचं हायड्रॉक्साइड आणि दुसऱ्या बाजूला लोखंड अशी जोडी ठरली. याच वाटेवर स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा तरुण रसायनशास्त्रज्ञही चालत होता. त्याने 1899 मध्येच निकेल-कॅडमियमची बॅटरी केली होती आणि लोखंडही वापरून पाहिलं होतं. पेटंटवरून दोघांमध्ये झगडा झाला. एडिसनकडे पैसा आणि नाव होतं. युंगनर इतिहासात मागे पडला, पण त्याच्या निकेल-कॅडमियमने विसाव्या शतकात रेडिओ, बॅटऱ्या आणि हत्यारांपर्यंत मजल मारली.

बाजारातून परत

1903 मध्ये एडिसनची बॅटरी बाजारात आली. तिचा आधीपासून मोठा गाजावाजा झाला होता. शिशापेक्षा हलकी आणि दणकट बॅटरी म्हणून सामान पोचवणाऱ्या विजेच्या गाड्यांसाठी ती घेतली गेली. काही महिन्यांतच तक्रारी येऊ लागल्या. डबा सांध्यांतून झिरपत होता. त्याहून गंभीर म्हणजे काही घटांची साठवण वापरता वापरता झपाट्याने घटत होती, तर शेजारचे तसेच घट ठणठणीत होते. प्रयोगशाळेत नीट चाललेली वस्तू रस्त्यावरच्या खड्ड्यांत आणि रोजच्या भरण्या-उतरण्यात दगा देत होती.

मागणी अजून येत होती. दोष झाकून, दुरुस्त्या करत माल खपवणं शक्य होतं. एडिसनने 1904 च्या अखेरीस उत्पादन थांबवलं आणि सदोष घट परत घेतले. त्याच्या नावाला आणि तिजोरीला हा मोठा फटका होता. आता तो सत्तावन्न वर्षांचा होता आणि काम जवळपास पहिल्यापासून सुरू करायचं होतं.

दोष कुठे होता? निकेल हायड्रॉक्साइडमधून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात ग्राफाइटचे कण मिसळले होते. बॅटरी भरताना तयार होणारा ऑक्सिजन ते ग्राफाइट हळूहळू खात होता. शिवाय निकेलचं मिश्रण दर खेपेला फुगत आणि आकसत होतं, त्यामुळे कणांची एकमेकांवरची पकड सुटत होती. ज्या कणाचा संपर्क तुटला, तो कण घटात असूनही नसल्यासारखा झाला. पहिल्या दिवशी केलेल्या चाचणीत यातलं काहीच दिसत नव्हतं.

उत्तर सापडायला 1909 साल उजाडलं. ग्राफाइट काढून टाकलं गेलं. त्याच्या जागी निकेलचे केसाहूनही कितीतरी पातळ पापुद्रे आले. छिद्रं पाडलेल्या पोलादी नळीत हायड्रॉक्साइडचा एक थर, पापुद्र्यांचा एक थर, असे थरावर थर ठासून भरले जात. नळी फुगू नये म्हणून तिच्याभोवती कडी बसवली. द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातलं, त्याने साठवण वाढली. तपासणीची पद्धतही बदलली. घट वारंवार भरून-उतरवून पाहिले जात, त्यांना यंत्राने दणके दिले जात, खराब रस्त्यांवर गाड्या पिटाळल्या जात.

गाडीने पाठ फिरवली, खाणीने हात दिला

बॅटरी पक्की झाली तेव्हा ज्या गाडीसाठी ती केली, तिचाच काळ सरत होता. 1908 मध्ये फोर्डची स्वस्त पेट्रोलगाडी आली. 1912 मध्ये विजेवर इंजिन सुरू करणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. त्या स्टार्टरलाही बॅटरी लागत होती, पण एडिसनची चालेना. स्टार्टरला क्षणभरासाठी प्रचंड प्रवाह लागतो. निकेल-लोखंडाचा घट तो देऊ शकत नाही आणि थंडीत आणखी मंदावतो. तिथे शिशाची जुनी बॅटरीच बसली, ती आजतागायत आहे. एक बॅटरी सगळ्या कामांना चालत नाही, हा दुसरा धडा.

एडिसनच्या बॅटरीला तिची कामं दुसरीकडे मिळाली. रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, मालवाहू ट्रॉल्या अशा ठिकाणी ती वर्षानुवर्षं चालली. सगळ्यांत मोलाचं काम मात्र जमिनीखाली झालं. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू साचतो आणि तेव्हा अनेक खाणकामगार टोपीवर उघडी ज्योत लावून काम करत. एडिसनने कमरेच्या पट्ट्याला बॅटरी आणि टोपीवर विजेचा दिवा अशी जोडणी केली. ती एका भरणीत कामगाराची पूर्ण पाळी उजळत असे. या सुरक्षा-दिव्यासाठी त्याला राथेनाऊ पदक मिळालं. अंगावर बाळगायच्या यंत्राला रिचार्जेबल बॅटरीची जोड देण्याचा हा सुरुवातीचा मोठा यशस्वी नमुना. हातातलं जीपीएस यंत्र त्याच परंपरेतलं.

यशाला काळी किनारही आहे. पाणबुडीत समुद्राचं पाणी शिशाच्या बॅटरीत शिरलं, तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. एडिसनच्या बॅटरीत आम्ल नसल्याने हा धोका नव्हता, म्हणून अमेरिकी नौदलाने ती ई-2 या पाणबुडीत बसवली. 15 जानेवारी 1916 रोजी न्यूयॉर्कच्या गोदीत त्या पाणबुडीत स्फोट होऊन माणसं दगावली. घटांतून निघालेला हायड्रोजन आत साचला होता. हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था अपुरी होती, अशी एडिसनच्या बाजूची भूमिका होती. एक विषारी वायू टळला, तरी दुसऱ्या वायूने घात केला. आजही बॅटरी चार्ज करताना जागा हवेशीर असावी, असं सांगतात ते याचसाठी.

18 ऑक्टोबर 1931 रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी एडिसनचं निधन झालं. त्याच्या बॅटरीचं उत्पादन त्यानंतरही 1970 च्या दशकापर्यंत चाललं.

आजचा पेन्सिल सेल

बाजारात मिळणारा निकेल-मेटल हायड्राइडचा पेन्सिल सेल एडिसन आणि युंगनर या दोघांचाही वारसदार आहे. त्याची धन बाजू आजही निकेल हायड्रॉक्साइडची आहे आणि आतलं द्रावण मुख्यतः पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं. बदलली ती ऋण बाजू. लोखंड गेलं. मूत्रपिंड आणि हाडं पोखरणारं विषारी कॅडमियमही घरगुती सेलमधून बहुतांशी गेलं. त्यांच्या जागी हायड्रोजन शोषून घेणारा मिश्रधातू आला.

एक जुना दोष मात्र राहिला. सेल नुसता पडून असला तरी उतरतो. साधा निकेल-मेटल हायड्राइड सेल महिन्याभरात साठ्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक गमावू शकतो आणि उष्णतेत हा वेग वाढतो. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत सेल ठेवणं म्हणूनच वाईट. 2005 पासून हळू उतरणारे सेल मिळू लागले. त्यांच्यावरचा आकडा साधारण 2000 चा असतो, पण वर्षभर पडून राहिल्यावरही त्यांत बराचसा साठा शिल्लक असतो. जीपीएस यंत्र रोज वापरणाऱ्याला 2700 चा सेल कदाचित परवडेल. महिन्यातून एखाद-दोनदा डोंगरात जाणाऱ्याने, किंवा जिओकॅशिंगच्या खेळात अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली डबी शोधायला निघणाऱ्याने, हळू उतरणारे सेलच घ्यावेत. हा खेळ मे 2000 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली चूक तिथल्या सरकारने तेव्हा नुकतीच काढून टाकली होती.

आणखी चार गोष्टी. अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टपासून हळूहळू घसरतो, तर रिचार्जेबल सेल बराच वेळ 1.2 व्होल्टच्या आसपास टिकतो आणि शेवटी पटकन बसतो. यंत्रात सेलचा योग्य प्रकार निवडला नाही, तर पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह फसवतं. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये. उतरलेला सेल चांगल्याला आणि शेवटी यंत्रालाही मारक ठरतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासून भरणारा आणि भरला की थांबणारा असावा. यंत्र महिनोन् महिने वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल तर हमखास काढावेत, कारण ते झिरपून यंत्र खातात. पेन्सिल सेलच्याच आकाराचा 3.7 व्होल्टचा लिथियम सेलही मिळतो. तो 1.5 व्होल्टच्या जागी घातला, तर यंत्र जळू शकतं.

खराब झालेला सेल ओल्या कचऱ्यात किंवा नदीकाठी टाकू नये. देशात 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपलं काम त्या वेगळ्या ठेवून संकलन केंद्रावर देण्याचं.

नवे सेल आणले, की एक सोपी चाचणी घरीच करता येते. ते पूर्ण भरावेत, तारीख लिहून कपाटात ठेवावेत आणि महिन्याने यंत्रात घालून किती तास चालतात ते पाहावं. तासांचा हा हिशेब पाकिटावरच्या आकड्यापेक्षा अधिक खरं सांगतो. एडिसनला तो समजायला बाजारातला माल परत घ्यावा लागला होता आणि पाच वर्षं द्यावी लागली होती. आपलं काम एका महिन्यात भागतं.