शर्यत जिंकली, पण चषक नेला दुसऱ्यानेच! वेंडेल स्कॉट यांची गोष्ट

अमेरिकेत मोटारींच्या शर्यतीचा एक लोकप्रिय प्रकार आहे, स्टॉक कार रेसिंग. सुरुवातीला यातल्या गाड्या शर्यतीसाठी मुद्दाम बनवलेल्या नसायच्या. रस्त्यावर फिरणारी साधी फोर्ड नाहीतर शेवरोले घ्यायची अन् गॅरेजमध्ये तिचं रूप पालटायचं. काचा, जादा सीट काढून वजन कमी करायचं, दारं वेल्डिंग करून पक्की करायची, उलटली तर छत दबू नये म्हणून आतून लोखंडी पाइप बसवायचे आणि इंजिनाची ताकद वाढवायची. वेंडेल स्कॉट यांनी उभं आयुष्य याच कामात घातलं.

व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल शहरात २९ ऑगस्ट १९२१ रोजी एका कृष्णवर्णीय घरात त्यांचा जन्म झाला. गावात काम म्हणजे एक तर कापडगिरणी, नाहीतर तंबाखूचा कारखाना. तिथं दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं नाही, हे वेंडेलने लहानपणीच ठरवलं. वडील गाड्या दुरुस्त करायचे, त्यांच्याजवळच हातात पाना आला. पुढं टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले आणि परतल्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं.

गॅरेजवर घर भागेना, म्हणून रात्री हातभट्टीची दारू पोहोचवू लागले. त्या काळी तिकडचे कितीतरी रेसर याच धंद्यातून तयार झाले. दारूची गाडी वरून साधी दिसायची, पण इंजिन दमदार असायचं. माल भरल्यावर गाडी मागून बसू नये, पोलिसांना संशय येऊ नये, म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक करायच्या. स्कॉट १९४९ मध्ये एकदा सापडले. तुरुंग टळला, पण तीन वर्षं देखरेखीखाली राहावं लागलं.

नशिबाची गंमत बघा, पोलिसांमुळेच ते शर्यतीत आले! डॅनव्हिलच्या मैदानावर गर्दी खेचण्यासाठी आयोजकांना एक काळा ड्रायव्हर हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली आणि पोलिसांनी स्कॉट यांचंच नाव सांगितलं. २३ मे १९५२ रोजी ते पहिल्यांदा मैदानात उतरले. गोऱ्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यानंतर नॅसकार या मोठ्या संघटनेच्या शर्यतीला गेले, तर काळे म्हणून उतरूच दिलं नाही. पठ्ठ्या मागं हटला नाही. छोट्या शर्यतींत उतरून १२ दिवसांत पहिला विजय मिळवला. पुढं नॅसकारचा परवानाही मिळवला. १९५९ मध्ये व्हर्जिनियाचं राज्य विजेतेपद जिंकलं आणि १९६१ मध्ये सर्वात वरच्या गटात पोहोचले.

पाठीशी ना कंपनी, ना पैसा. दुसऱ्यांनी वापरलेल्या गाड्या अन् जुने टायर घ्यायचे. मेकॅनिक म्हणून सोबत स्वतःची पोरं. आपली गाडी आपणच उघडायची, आपणच जोडायची.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. स्कॉट यांच्याकडे दुसऱ्या रेसरकडून घेतलेली शेवरोले होती. शेवटचे २५ फेरे उरले असताना त्यांनी नामांकित रिचर्ड पेटी यांना मागं टाकलं. शर्यत २०० फेऱ्यांची, पण स्कॉट यांचे २०० पूर्ण झाले तरी झेंडा पडेना. ते २०२ फेरे धावले. शेवटी विजेते म्हणून बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरचं नाव पुकारलं गेलं.

स्कॉट यांनी दाद मागितली. फेऱ्या पुन्हा मोजल्यावर तेच पहिले निघाले. अधिकाऱ्यांनी मोजणीतली चूक सांगितली. तोवर मैदान रिकामं झालं होतं आणि बेकर चषक घेऊन गेले होते. विजेत्याला गोरी तरुणी चषक देऊन मुका घ्यायची. काळ्या माणसाला तो मान द्यायचा नव्हता, असंच स्कॉट यांना कायम वाटत राहिलं. नंतर त्यांच्या हाती एक हलका लाकडी चषक टेकवण्यात आला.

तरी ते थांबले नाहीत. १९६६ मध्ये वर्षभराच्या गुणांत सहावे आले. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या मोठ्या अपघातात जबर जखमी झाले आणि कारकीर्द संपत आली. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

४९५ शर्यती, १४७ वेळा पहिल्या दहात आणि नोंदीत विजय एकच. त्या विजयाचा मानाचा चषक त्यांच्या कुटुंबाच्या हाती पडला ऑगस्ट २०२१ मध्ये, जवळपास ५८ वर्षांनी. तो घ्यायला स्कॉट मात्र नव्हते.