बेचाळीस मीटरवरचा आवाज

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर वर्धा जिल्ह्यात जाम हे गाव लागते. चंद्रपूरचा रस्ता येथेच फुटतो. चहाची दुकाने, ट्रकांची वर्दळ आणि एसटीची वाट पाहणारे प्रवासी, एवढीच या गावाची ओळख बहुतेकांना असते. या नाक्यावर उभे राहिले तर पूर्वेला चिमूर आहे आणि वायव्येला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ या एकाच दिवशी या दोन्ही गावांत रक्त सांडले. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि गावकरी व पोलीस, दोन्हीकडची माणसे मेली. चिमुरात गोळीबारानंतर खवळलेल्या लोकांनी सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. त्यापाठोपाठ आलेल्या फौजेने गावातल्या बायाबापड्यांवर जो सूड उगवला, त्याची वार्ता छापण्याची सोय कोणत्याही वृत्तपत्राला नव्हती. ती देशाला ऐकवली एका बेकायदा नभोवाणी केंद्राने. त्याच्या मागे उभी होती मुंबईची बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी, उषा मेहता.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतेजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रजी अमदानीतले न्यायाधीश. घरात गांधींविषयी आदर होता, पण सरकारी नोकरीची मर्यादाही होती. लहानपणीच अहमदाबादच्या आश्रमात तिने गांधींना पाहिले आणि आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत ती घोषणा देत चालली. त्या काळातला एक प्रसंग त्या पुढे नेहमी सांगत. मुलांच्या प्रभातफेरीवर लाठी चालली, झेंडा धरलेली मुलगी पडली आणि झेंडाही तिच्यासोबत जमिनीवर आला. मुलांना ते फार लागले. मग वडीलधाऱ्यांनी केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगाचे कपडे शिवून मुलांच्या अंगावर चढवले. आता झेंडा खाली पाडायचा तर मुलांनाच पाडावे लागणार होते. हातातली वस्तू हिसकावली गेली तर दुसरी वाट काढायची, ही युक्ती पुढे बेचाळीसमध्येही कामी आली.

वडील १९३० मध्ये निवृत्त झाले, १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले आणि घरचे बंधन सैलावले. चंदारामजी हायस्कूल, मग विल्सन महाविद्यालय. १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गात पदवी. त्यानंतर कायद्याचा अभ्यास सुरू झाला, तो बेचाळीसच्या ऑगस्टात सुटला. खादी आणि अविवाहित राहण्याचा निश्चय मात्र आयुष्यभर सुटला नाही.

चळवळीची पहिली ठिणगी वर्ध्यालाच पडली होती. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने तेथे इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर महासमितीने त्यावर शिक्कामोर्तब केले. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत सगळे पुढारी तुरुंगात होते. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. बाहेर उरलेल्या तरुणांपुढे प्रश्न साधा होता. कुठे काय घडते आहे हे लोकांना कळणार कसे? पत्रके छापता येत होती, पण ती पकडली जात. हवेतून जाणारा शब्द कोणत्याही नाक्यावर अडवता येत नाही, हे उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी हेरले. विठ्ठलदास खाकर ऊर्फ बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यातले प्रमुख. बेत सुचणे सोपे होते. प्रक्षेपण यंत्र आणणार कुठून, हे अवघड होते.

येथे मुंबईतल्या एका वेगळ्याच जमातीकडे वळावे लागते. हिंदुस्थानात नभोवाणीची सुरुवात सरकारने केलेली नाही, ती हौशी मंडळींनी केली. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये पहिले हौशी केंद्र चालवले. मुंबईच्या रेडिओ क्लबचे कार्यक्रम १९२३ मध्ये सुरू झाले, तेव्हा इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचा जन्मही झाला नव्हता. ती आली १९२७ मध्ये. या हौशी लोकांना जगभर हॅम म्हणतात. सरकारी परवाना, त्यासोबत मिळालेले बोलावणे-चिन्ह आणि घरच्या टेबलावर स्वतः जोडलेले यंत्र, एवढे त्यांचे भांडवल. तयार संच विकत घेण्याची चैन त्या काळी फार थोड्यांना परवडे. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोके पाडायची, त्यावर व्हॉल्व्हच्या बैठका बसवायच्या, तांब्याच्या तारेची वेटोळी हाताने गुंडाळायची, जुन्या संचातले कंडेन्सर काढून लावायचे आणि रात्री जागून हेडफोन कानाला लावून दूरच्या कोणाचे तरी टकटक ऐकायचे. हा छंद बाहेरच्याला वेडाचारच वाटे. ज्याला तो जडला त्याला मात्र दुसरे काही सुचत नसे.

महायुद्ध सुरू झाले आणि १९३९ मध्ये हा खेळ बंद पडला. नवे परवाने थांबले आणि हौशी केंद्रचालकांनी आपली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करावीत असे हुकूम निघाले. यंत्रे जमा करता येतात, हातातली कला जमा करता येत नाही. मुंबईचे नरिमन अबरबाद प्रिंटर हे अशांपैकीच एक. त्यांचे बोलावणे-चिन्ह होते व्हीयू२एफयू. बंदी आल्यावरही त्यांनी आझाद हिंद रेडिओ या नावाने गाणी आणि अनियंत्रित बातम्या ऐकवण्याचा उद्योग करून पाहिला होता आणि त्यापायी पोलिसांचा पाहुणचारही घेतला होता. उषाबेनच्या मंडळींनी त्यांना गाठले. बॉब तन्ना हे आणखी एक हौशी केंद्रचालक मदतीला आले. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ पुरवले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारी हीच ती कंपनी.

असे यंत्र कसे चालते, हे थोडक्यात सांगता येईल. क्वार्ट्झच्या स्फटिकाची पातळ चकती ठरावीक वेगाने कंप पावते आणि तो वेग एका व्हॉल्व्हच्या मंडलाला ताल देतो. पुढचे व्हॉल्व्ह ही कंपने बलवान करतात. मायक्रोफोनमधला आवाज किंवा तबकडीवरचे भाषण त्यांवर चढवले जाते आणि सगळे एरियलमधून बाहेर पडते. काँग्रेस रेडिओने सांगितलेली तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. वारंवारतेत मोजली तर ती सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर येते, म्हणजे थेट हौशी मंडळींच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात. हा योगायोग म्हणता येणार नाही. कारागिराला ज्या पट्ट्याची सवय, त्याच पट्ट्यात त्याने यंत्र जुळवले असणार. निवड उत्तमही होती. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन संध्याकाळी शेकडो मैलांवर उतरतात. मुंबईपासून वर्धा जिल्हा हवाई अंतराने सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. चांगल्या संध्याकाळी एवढा पल्ला या पट्ट्याला जड नाही. केंद्र ब्रह्मदेशापर्यंत ऐकू येत असल्याचे सांगितले जाते.

अडचण होती ती एरियलची. या लांबीच्या लहरींसाठी अर्ध्या तरंगाची तार ओढायची तर ती वीस-एकवीस मीटर भरते. गिरगावातल्या गच्चीवर एवढी तार वाळत घातलेल्या कपड्यांत किती दिवस लपणार! शिवाय दिशा शोधणारी यंत्रे घेऊन पोलीस फिरत होते. म्हणून बिऱ्हाड सतत हलत राहिले. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, परेखवाडी, शेवटी महालक्ष्मीच्या देवळाजवळचा पॅराडाइज बंगला. ध्वनिमुद्रणाची जागा वेगळी आणि प्रक्षेपणाची वेगळी ठेवण्याचाही प्रयत्न असे.

उषाबेनच्या आठवणींनुसार पहिला कार्यक्रम २७ ऑगस्ट १९४२ रोजी गेला. काही नोंदी सप्टेंबरचा पहिला आठवडा सांगतात. सुरुवातीला दिवसातून दोनदा आणि नंतर संध्याकाळी साडेसात ते साडेआठ असा एकदाच, हिंदी आणि इंग्रजीतून. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन आणि मोइनुद्दीन हॅरिस लिहीत वा बोलत. बातम्या निरनिराळ्या प्रांतांतून निरोप्यांकरवी येत. चितगावावरचे बॉम्बहल्ले, जमशेदपूरचा संप, बलियातला उठाव आणि आष्टी-चिमूरची हकिकत या केंद्राने प्रसृत केली. या शेवटच्या बातमीचे मोल विदर्भाबाहेर फारसे उमगलेले नाही. चिमूरच्या स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भणसाळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील बापूजी अणे यांना भेटले. ती भेट निष्फळ ठरली. नोव्हेंबरात त्यांनी आरंभलेले उपोषण ६३ दिवस चालले आणि त्याविषयीच्या मजकुरावरही सरकारने बंदी घातली. जे कागदावर येऊ शकत नव्हते, ते काही आठवडे तरी हवेतून गेले.

उषाबेनपुढचा पेच मात्र तांत्रिक नव्हता. त्या पक्क्या गांधीवादी होत्या आणि गांधींना गुप्तता मान्य नव्हती. १९४४ मध्ये सुटून आल्यावर भूमिगतांना त्यांनी तसे स्पष्ट सुनावले. खोटी नावे घ्यायची, भाड्याची घरे बदलायची, पोलिसांना हुलकावणी द्यायची, हे सत्याग्रहात बसते काय? उषाबेनची कृती पाहिली तर त्यांनी उत्तर असे काढलेले दिसते की, बातमी खरी हवी, हिंसा नको, आणि पकडले गेल्यावर पळवाट शोधायची नाही. हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. पण त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी ती वेळ आली. केंद्राचे बिंग फुटले ते आतूनच. पोलिसांनी तंत्रज्ञाला पकडले आणि त्याने ठिकाण दाखवले. ज्या हातांनी यंत्र बांधले, त्यांच्याकडूनच ते हरवले. प्रिंटर यांच्या नावावर हा डाग कायमचा आहे, पण त्यांच्या कौशल्यावाचून केंद्र जन्मालाच आले नसते, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. इतिहासात अशी माणसे अडचणीची ठरतात आणि म्हणून बहुधा वगळली जातात.

त्या दिवशी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडला तेव्हा उषाबेन तेथेच होत्या. त्या शिताफीने निसटल्या आणि लोहियांच्या गोटाला सावध केले. धोका उघड दिसत असताना संध्याकाळचा कार्यक्रम रद्द करण्याचा सल्ला कोणीही दिला असता. त्यांनी तो करायचाच ठरवला. पॅराडाइज बंगल्यात चंद्रकांत झवेरी सोबत होते. कार्यक्रमाच्या शेवटी वंदे मातरम्ची तबकडी लागली असताना दारे फोडून पोलीस आत शिरले. तबकडी थांबवण्याचा हुकूम दोघांनी मानला नाही.

पुढचे सहा महिने चौकशीचे. एकान्तवास, धमक्या आणि साथीदारांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाची लालूच. उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे का, एवढेच त्यांनी विचारून घेतले. नाही असे कळल्यावर त्या एकाही प्रश्नाला उत्तर द्यायला तयार झाल्या नाहीत. कायद्याचा अर्धवट राहिलेला अभ्यास असा उपयोगी पडला. खास न्यायालयाने १९४३ मध्ये बाबूभाईंना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाने सुटले. येथे एक विलक्षण गोष्ट नोंदवायला हवी. सरकारी यंत्रणा हे प्रक्षेपण ऐकून त्याचा मजकूर उतरवून घेत होती. तो खटल्यासाठी पुरावा म्हणून जपला गेला आणि म्हणूनच आज काँग्रेस रेडिओने काय सांगितले ते वाचता येते. शत्रूसारखा दक्ष श्रोता नाही.

येरवड्याच्या तुरुंगात प्रकृती ढासळली, उपचारांसाठी जे. जे. रुग्णालयात न्यावे लागले. १९४६ मध्ये मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी हौशी केंद्रचालकांचे परवानेही पुन्हा सुरू झाले. पुढे युद्धातले मोडीत निघालेले संच बाजारात आले, लॅमिंग्टन रोडवर व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर शोधत फिरणाऱ्या नव्या पिढ्या तयार झाल्या. उषाबेन मात्र पुन्हा मायक्रोफोनच्या धंद्यात पडल्या नाहीत. गांधींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून त्यांनी तेथेच राज्यशास्त्र शिकवले, विभागप्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. मणिभवन गांधी संग्रहालयाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. मणिभवन लॅबर्नम रोडवरच आहे, जेथे अजित व्हिलात कधीकाळी ते यंत्र लपवले होते. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या या साहसावरचा चित्रपट यायला २०२४ साल उजाडले.

दरवर्षी ९ ऑगस्टला त्या क्रांती मैदानावर जात. २००० सालीही अंगात ताप असताना त्या गेल्या. घरी परतल्यावर दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.